ठिगळाखालचा कागद

१२ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र काल मिळालं. वाचून आधी मी हसले, खरं सांगते. माझा दादा आग लावून पळाला? गॅस पेटवताना हात लांब करून तोंड फिरवणारा माणूस आख्ख्या मजल्याला आग लावणार? मग हसता हसता जे रडू फुटलं ते थांबेचना. लाँड्रीच्या मालकीणबाईंनी विचारलं काय झालं. मी म्हटलं, डाग काढायचं औषध डोळ्यात उडालं.

तू लिहिलंस ते डोक्यात बसत नाहीये, म्हणून मीच पुन्हा लिहून बघते. सहा डिसेंबर, सकाळी अकरा. शिलाई कारखान्याचा तिसरा मजला पेटला. जिन्याचं दार नेहमीसारखं बाहेरून कुलूपबंद. मशीनवर एक्केचाळीस माणसं. ज्यांची ओळख पटली नाही ते नऊ जण दुसऱ्याच दिवशी एकत्र पुरून टाकले, घरच्यांना विचारलंसुद्धा नाही. दादा त्या नवांत आहे हे तुला माहीत, मला माहीत. पण कंपनीची हजेरीवही म्हणते की तो सोमवारपासून कामावरच आला नव्हता. आणि त्या कुलपावरून त्याने साहेबाशी भांडण केलं होतं, म्हणून सूड उगवला आणि फरार झाला. म्हणजे माझा भाऊ मेला, आणि पोलीस त्याला पकडायला फिरतायत. असं कुठे असतं का गं?

तू लिहिलंस की तोंडाने सांगून कोणी ऐकेना, म्हणून तू कातरणांचे तुकडे जोडून सगळा मजला शिवून काढलास. कुठलं मशीन कुठे, दार कुठे, कोण कुठे बसायचं. वहिनी, ती चादर मला इकडे परदेशात पाठव. इथल्या मोठ्या हॉलचे पडदे आमच्याकडे धुवायला येतात. परवा पडदे पोचवायला गेले तर दारावर कागद लावलेला. देशोदेशीच्या लोकांनी आजच्या दुखण्यांवर केलेलं काम तिथे मांडणार आहेत. कविता, चित्रं, शिवण, माती, काहीही. मोठ्या कलाकारांचंच हवं असं नाही. मी आत जाऊन विचारलं. तिथल्या ताई म्हणाल्या, पाठवा, आणि सोबत पानभर मजकूर लिहा. मी लिहिते. निदान कोणीतरी बघेल तरी.

आईला कसं आहे? जेवते का?

तुझी चिंगी


३ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं पत्र मिळालं आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या क्वार्टर्समध्ये नवा नियम निघाला. आता सगळं टपाल ऑफिसातून येतं आणि ऑफिसातूनच जातं. पत्र असो, पार्सल असो, साहेब आधी उघडून बघतात, मग पुढे धाडतात. बरीच मेहनत घेतात बिचारे. फोन माझ्याकडे नाही हे तुला ठाऊक आहेच. तूही शेजारच्यांच्या फोनवर करू नकोस, त्यांना चौकीत नेऊन विचारतात की पलीकडून कोण बोलत होतं.

तू थंडीसाठी पांघरूण मागितलं होतंस, ते पाठवते आहे. रंगीत चौकड्यांची जुनीच चादर आहे. साहेबांनी टेबलावर पसरून बघितली आणि म्हणाले, गरिबाघरची नक्षी बरी आहे. शिपायाने घडी घालून दिली.

एक सांगते ते नीट ऐक. खिडकीजवळच्या चौकोनावर मी जाड ठिगळ लावलंय. आणि मागच्या बाजूला हात लावू नकोस. जशी आहे तशी राहू दे. उसवू नकोस, धुऊ नकोस, मळली तरी चालेल. तुझी सवय मला माहीत आहे म्हणून मुद्दाम लिहिते. वापरून झालं की मी सांगेन तेव्हा परत पाठव, तोवर नीट जप.

आई जेवत नाही. दारात बसते. मी काही बोलायला गेले की तोंड फिरवते. मी तिच्या मुलाला मेलेला म्हणते ना, म्हणून मी वाईट. परवा शेजारणीला म्हणाली, सून माझ्या पोराला मारायला निघालीय. घरात आम्ही दोघीच, आणि दोघींत एक शब्द नाही.

वहिनी


१ मार्च

प्रिय वहिनी,

पांघरूण पोचलं! आणि काय ऊब आहे म्हणून सांगू! साहेबांना माझा नमस्कार, त्यांच्या कृपेनेच पोचलं. मी एकटीने पांघरणं बरं दिसेना, म्हणून मोठ्या खोलीत मधोमध टांगलंय. पाहुण्यांची रीघ लागते. दोन्ही बाजूंनी फिरून बघतात, बोट लावू देत नाही मी कोणाला. एक म्हातारे गृहस्थ पाऊण तास उभे होते. एका मुलीने विचारलं, यातला लाल चौकोन कोणाचा? मी म्हटलं, जी लाल दोऱ्याने शिवायची तिचा. तुला कळतंय ना मी काय म्हणते ते.

आता रागावू नकोस. मागच्या बाजूला हात लावू नकोस म्हणालीस, पण मी काय परकी आहे? मागची बाजू दिसली तर पाहुणे काय म्हणतील याची तुला लाज वाटली असणार, हे मी लगेच ओळखलं. सगळीकडे दोरे लोंबत होते. वहिनी, तूच मला फिनिशिंगच्या टेबलापाशी उभी केलीस ना, चौदा वर्षांची असताना? बारीक कात्री हातात देऊन काय म्हणायचीस? पुढची बाजू गिऱ्हाईक बघतं, मागची बाजू शिवणाऱ्याची आब राखते. तर मी एक रविवार बसून सगळे दोरे कापले. आता कोणी भिंग घेऊन बघावं.

आणि वाटेत पार्सलला ओल लागली होती. खिडकीजवळच्या ठिगळातून निळसर काळा डाग वर आला होता, बरोबर दादाच्या जागी. मला बघवेना. माझं सगळं आयुष्य आता डाग काढण्यातच जातंय, तर दादाच्या जागेवरचा डाग मी ठेवू? हलक्या हाताने काढला, रंग जरासुद्धा उतरला नाही. इस्त्री करताना आत कुरकुर लागलं, तेव्हा एक बाजू उसवली. आणि हसू आलं बघ. तू बॅकिंगचा कागद काढायला विसरलीस! भरतकामाखाली घातलेला कागद नंतर ओढून काढला नाही तर पहिल्या धुण्यात त्याचा गोळा होतो, हे मला कोणी शिकवलं? एक कागद राहिला म्हणून तू माझा कान उपटला होतास, आता मी तुझा उपटू का? गोळा काढून टाकला, ठिगळ पुन्हा तुझ्याच टाक्यांवर टाके घालून शिवलं. तुलासुद्धा ओळखू येणार नाही.

आईला म्हणावं चिंगीची शपथ आहे, चार घास खा.

तुझी चिंगी


१८ मार्च

चिंगे,

हे पत्र शाळेच्या मास्तरांनी स्वतः दूरच्या टपाल ऑफिसात नेऊन टाकलंय. त्यांची बहीण त्या नवांमधली. यापुढे त्यांच्याच पत्त्यावर लिही, तो पाकिटामागे आहे. आता मोकळं लिहिते.

तो बॅकिंगचा कागद नव्हता.

गठ्ठ्याबरोबर येते ती चिठ्ठी आठवते का? कापलेल्या मालाच्या प्रत्येक गठ्ठ्याला बांधलेली, तारखेचा शिक्का मारलेली? काम झालं की कारागिराने आपला नंबर टाकून सही करायची. त्या दिवशी सकाळी तुझ्या दादाने बाह्यांचा एक गठ्ठा संपवला, चिठ्ठीवर सही केली आणि पुढच्या मशीनवरच्या कॉलरवालीकडे सरकवला. आग लागली तेव्हा ती खिडकीतून शेजारच्या पत्र्यावर उडी मारून वाचली, आणि तो गठ्ठा तिच्या कवेत तसाच होता. तिलाही कळलं नाही आपण काय घेऊन आलो. आठ दिवसांनी माझ्याकडे आली, चिठ्ठी माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, मी काही दिलं नाही, तुम्ही काही घेतलं नाही. तिच्या नवऱ्याला कंपनीने दुसऱ्या शेडमध्ये काम दिलंय. ती बोलणार नाही, तिच्यावर मी रागावतही नाही.

सहा डिसेंबरचा शिक्का, वेळ दहा वीस, तुझ्या दादाचा नंबर, तुझ्या दादाची सही. सोमवारपासून कामावर नसलेल्या माणसाची. त्यांच्या हजेरीवहीच्या तोंडावर मारायला जगात एवढी एकच वस्तू होती. घराची झडती दोनदा झाली. पिठाचा डबासुद्धा उपडा केला. कुठे ठेवू? तेव्हा मास्तरांची ओळख नव्हती, कोणावर विश्वास ठेवायची सोय नव्हती. मग तुझं पत्र आलं आणि मला वाटलं, देशाबाहेरच जाऊ दे. साहेबाच्या डोळ्यांदेखत गेली ती, त्यानेच घडी घालायला लावली. त्या दिवशी घरी येऊन मी आग लागल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले होते.

चौकशीची सुनावणी वीस एप्रिलला आहे. वकीलबाई म्हणतात, चिठ्ठी आली तर एका दिवसात चित्र बदलेल. नाही आली तर फाईल बंद, आणि तुझा दादा कायमचा फरार.

चिंगे, तो गोळा टाकलास म्हणजे कुठे टाकलास? कचऱ्यात का? कचरा कुठे जातो? अर्धा कागद असला तरी चालेल. शिक्क्याचा एक कोपरा असला तरी चालेल. सहीची शेपटी असली तरी चालेल. शोध. मी हात जोडते.

वहिनी


२ एप्रिल

वहिनी,

काल दुपारी पत्र आलं. लाँड्रीत उभ्या उभ्याच वाचलं. मालकीणबाईंनी खुर्ची दिली.

कचरा दर दोन दिवसांनी गाडी नेते. तरी मी गेले. गाडी जिथे रिकामी करतात तिथे गेले, तिथल्या माणसाला खाणाखुणा करून सांगितलं, त्याला आधी वाटलं माझी अंगठी हरवलीय. मग कागद म्हटल्यावर तो हसला नाही, नुसता ढिगाकडे हात करून उभा राहिला. एवढा ढीग आहे वहिनी, तळ दिसत नाही. आणि सापडून तरी काय? तुला खोटी आशा लावत नाही. त्याचा लगदा झाला होता. मी बोटांनी चुरगळला होता.

शाई तर त्याच्या आधीच गेली होती. तो डाग म्हणजे शाईच होती. शिक्क्याची, आणि त्याच्या सहीची. ठिगळावर वर आलेली ती निळी रेघ मी ब्रशने घासली, पुन्हा औषध लावलं, पुन्हा घासली, आणि पाणी स्वच्छ यायला लागल्यावर मला बरं वाटलं. स्वतःवरच खूश झाले गं मी! दादा सहा डिसेंबरला सकाळी जिवंत होता, हाताने काम करत होता, एवढं एकच त्याने मागे ठेवलं होतं, आणि ते त्याच्या सख्ख्या बहिणीने धुऊन टाकलं. तू सरळ सांगितलं होतंस, धुऊ नकोस. माझ्या शहाणपणाला आग लागो.

हॉलमधल्या ताईंना सगळं सांगितलं. त्या माझ्याबरोबर रडल्या. तिथे एका बाईने घरं पाडलेल्या वस्तीतल्या दारांच्या किल्ल्या टांगल्यात, एकाने समुद्रात बुडालेल्यांची यादी एका दमात वाचून ध्वनिमुद्रित केलीय. सगळे जमले आणि म्हणाले, आपण पत्र लिहू, सह्या करू. आठशे जणांनी चादर बघितलीय, तीनशे बारा सह्या झाल्यात. सोबत पाठवते. याचा काही उपयोग होईल का? तू खरं सांग.

आणि अजून एक. लिहू की नको, दोन तास झाले विचार करतेय. दादाची सही मला येते. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या जागी तो स्वतःची सही करायचा, आणि तो नसला की त्याची सही मी. तसा जाड कागद इथे मिळतो. रबरी शिक्का कोणीही करून देतं. नंबर, तारीख, वेळ तू लिहिलीच आहेस. खोटं कुठे आहे त्यात? जे होतं तेच पुन्हा करायचं. तू हो म्हण, मी आठ दिवसांत पाठवते. सुनावणीला उशीर होईल, पण वकीलबाई चार दिवस मागून घेतील.

मला दोन थोबाडीत मार, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस.

चिंगी


२५ एप्रिल

चिंगे,

तुझं पत्र सतरा तारखेला मिळालं. दोन दिवस मला तुझं तोंडसुद्धा आठवायचं नव्हतं. खोटं कशाला बोलू? तुझी ती कात्री, तुझा तो स्वच्छपणा, सगळ्याचा राग आला. मग लक्षात आलं की ती कात्री मीच तुझ्या हातात दिली होती. मी जिवावर उदार होऊन चिठ्ठी लपवली ती कुठे, तर ठिगळाखाली. आणि पाठवली कोणाला, तर ठिगळाखालचा कागद काढायला मीच जिला शिकवलं तिला. यात तुझी चूक किती आणि माझी किती, मला मोजता येत नाही.

खोटी चिठ्ठी नको. वकीलबाईंना मी विचारलंही नाही. अगं, तपासायला तज्ज्ञ बोलावला आणि ती बनावट निघाली, की मग बाकीच्या आठ जणांचं खरंही खोटं ठरेल. मास्तरांच्या बहिणीचंही. तुझ्या दादासाठी मी त्यांना बुडवू शकत नाही. त्यालाही चाललं नसतं.

सुनावणी झाली. पाऊण तास. तीनशे बारा सह्यांचा कागद अधिकाऱ्याने उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, यातला एकतरी त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर होता का? वकीलबाईंनी मग चादरीचा फोटो दाखवला. तो म्हणाला, सुंदर आहे, पण हे तुम्ही नंतर शिवलंय. हजेरीवही पुढे आली. माझ्या नवऱ्याच्या नावापुढे चार दिवस फुल्या, एकाच पेनाने, एकाच दमात मारलेल्या. मला दिसत होतं, त्याला दिसलं नाही. मी उभी राहून ओरडले. मला बाहेर नेलं. फाईल बंद झाली.

तुझे ते लोक रडले त्याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांग. मी टोमणा मारत नाही. इथे एकाच्याही डोळ्यात पाणी आलं नाही, तिथे निदान आलं. चादर परत पाठवू नकोस, जिथे नेतील तिथे जाऊ दे.

आता खरं सांगायचं ते पुढेच आहे.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी आमच्या दारावर कागद डकवला. फरार म्हणून, त्याचा फोटो आणि खाली नाव. मी तो फाडायला गेले तर आईने माझा हात धरला. तिला मोतीबिंदूने अक्षर दिसत नाही, मला म्हणाली, वाच. मी वाचलं. म्हणाली, म्हणजे सरकारही म्हणतं तो पळाला? मी म्हटलं, हो, सरकार म्हणतं. तर चिंगे, ती हसली. पळाला म्हणजे जिवंत आहे, म्हणाली. आणि आत येऊन स्वतः ताट घेतलं. साडेचार महिन्यांत तिला मी पोटभर जेवताना पहिल्यांदा बघितलं. मी शेजारी बसून वाढत होते आणि मला वाटत होतं आता किंचाळावं.

तेव्हापासून रोज विचारते, पत्र आलं का त्याचं? त्याला कळत कसं नाही, आई काळजी करते? चिंगीकडे गेला असेल, तिच्याकडेच जाणार तो. चार दिवस झाले, पुन्हा ताट बाजूला सारायला लागलीय. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर महिनाभर.

मी तिच्याशी त्याच्या मरणावरून भांडले, कारण तेच खरं होतं. आता ते खरं कुठल्याच कागदावर उरलं नाही, फक्त माझ्या डोक्यात आहे. ते तिच्या गळी उतरवून मी काय मिळवणार?

म्हणून तू लिही. त्याची सही तुला येते म्हणालीस ना, त्याचं बोलणंही येत असेल. मास्तरांच्या पत्त्यावर पाठव, इतर कोणाच्या हाती लागलं तर कंपनीला आयता पुरावा मिळेल. मी तिला वाचून दाखवेन आणि लगेच जाळून टाकेन. मला हे सांगताना काय होतंय ते विचारू नकोस. माझ्याबद्दल त्यात काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

वहिनी


१० मे

आई,

नमस्कार. मी तुझा मुलगा. उशीर झाला म्हणून रागावली असशील, रागाव. मी सुखरूप आहे. चिंगीकडेच आहे, तू बरोबर ओळखलंस. इथे थंडी फार, पण अंगावर घालायला भरपूर आहे. काम मिळालंय, शिलाईचंच. मशीन खिडकीजवळ आहे. आणि आई, इथलं दार उघडं असतं. दिवसभर उघडं. कोणी कधी बंद करत नाही.

लोक म्हणतील मी आग लावली. तू विश्वास ठेवू नकोस. तू ठेवणार नाहीस, मला माहीत आहे, तरी सांगतो. मी दार उघडा एवढंच म्हणालो होतो.

मला इतक्यात येता येणार नाही. कधी येशील असं विचारू नकोस, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. तू जेव. ती वाढेल ते सगळं खा. ती तुला म्हणाली ना, मी मेलो म्हणून? त्यावरून तिला बोलू नकोस. एवढे महिने सगळ्यांसमोर उभी राहून ती एकटीच माझ्या बाजूने बोलत होती. मी असतो तर तिला तिथून घरी घेऊन आलो असतो. तिच्याशी बोलत जा, आई. तिला दुसरं कोणी नाही.

चिंगी बरी आहे, पण फार रडते. तिच्या हातून एक चूक झालीय. काय ते तुला सांगत नाही, माझ्यासंबंधीच आहे. मी तिला रोज म्हणतो, मी रागावलेलो नाही, तू काही मुद्दाम केलं नाहीस. पण मी सांगून तिला पटत नाही.

तू एकदा सांग ना तिला. तू सांगितलंस तर तिला पटेल.

तुझा दादा